उपवासातली अर्धशिशी आणि साखरेचा आकडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

श्रावणी सोमवार, हरतालिका, नवरात्र, मधल्या एकादश्या आणि महिन्याची संकष्टी. अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन, असलेल्यांना हे दिवस जड जातात. दुपारी तीन-चारच्या सुमारास एका कानशिलात ठणका सुरू होतो, उजेड नकोसा होतो, मळमळते. मग घरात दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, ‘शुगर कमी झाली असेल, गुळाचा खडा खा.’ दुसरा म्हणतो, ‘पित्त उसळलंय, आता काही खाऊ नकोस, उलटी झाली की बरं वाटेल.’ सल्ले एकमेकांच्या उलट आहेत, आणि बहुतेक वेळा दोन्ही चुकतात. दृक्श्राव्य माध्यमांत ‘रक्तातली साखर आणि मायग्रेन’ या विषयावर सध्या बरेच काही सांगितले जाते, त्यात पहिल्या सल्ल्याचीच री ओढलेली दिसते. म्हणून हे पत्र.

उपाशी राहिल्याने डोके दुखते, ही गोष्ट खरी आहे. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात उपवासाने होणाऱ्या डोकेदुखीची स्वतंत्र नोंद आहे. किमान आठ तास पोटात अन्न नसताना सुरू होणारी आणि खाल्ल्यावर निवळणारी, असा तिचा निकष आहे. ती बहुधा सगळ्या डोक्यात पसरलेली, बोथट आणि मध्यम तीव्रतेची असते. मात्र ज्यांना मुळात अर्धशिशी आहे त्यांच्यात तीच उपासमार पूर्ण झटका उठवू शकते, आणि खंड जितका लांबेल तितकी शक्यता वाढते. अमेरिकेत १२०० हून अधिक मायग्रेनग्रस्तांना झटका कशाने येतो हे विचारले गेले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत सुमारे ५७ टक्क्यांनी जेवण चुकणे हे कारण सांगितले. ताण आणि पाळीच्या काळातले संप्रेरकांचे चढउतार यांच्या खालोखाल ते तिसरे होते.

मग साखरेचे काय? निरोगी माणसाची उपाशीपोटीची साखर डेसिलिटरमागे ७० ते ९९ मिलिग्रॅम असते आणि एका दिवसाच्या उपवासाने ती सहसा ७० च्या खाली जात नाही. शरीर ती जाऊ देत नाही. साखर ८०-८५ वर येताच स्वादुपिंड इन्सुलिन आखडते घेते. ७० च्या आसपास ग्लुकॅगॉन आणि अ‍ॅड्रिनॅलिन ही साखर वाढवणारी संप्रेरके कामाला लागतात, यकृतातला सुमारे १०० ग्रॅमचा साठा मोकळा होऊ लागतो आणि तो सरत आला की यकृत प्रथिनांपासून नवे ग्लुकोज बनवते. घाम, थरथर, धडधड ही लक्षणे साधारण ५५ च्या आसपास दिसू लागतात. मेंदूला दिवसाकाठी १०० ते १२० ग्रॅम ग्लुकोज लागते, पण ते पुरवण्याची ही व्यवस्था संकष्टीच्या चंद्रोदयापर्यंत सहज तग धरते. मधुमेहाची औषधे न घेणाऱ्या माणसाला दुपारी चारला अर्धशिशी उठली आणि ग्लुकोमीटर लावला, तर आकडा ७८ किंवा ८५ येतो. कधी १०५ सुद्धा येतो, कारण वेदनेच्या ताणाने अ‍ॅड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल वाढतात आणि साखर वर ढकलतात.

साखर उतरल्याने अर्धशिशी उठते, ही शंका जुनीच आहे. १९७१ साली ब्रिटनमध्ये मायग्रेनच्या रुग्णांना इन्सुलिन टोचून मुद्दाम साखर पाडण्यात आली. २० जणांपैकी जेमतेम दोघांना झटका आला. साखर हाच एकमेव खटका असता तर बहुतेक सगळ्यांना यायला हवा होता. म्हणजे रक्तातली साखर घसरणे आणि उपाशी राहणे या दोन गोष्टी मायग्रेनपुरत्या तरी वेगळ्या धरायला हव्यात. उपाशी राहिल्यावर नुसती साखर बदलत नाही. इन्सुलिन खाली येते, अ‍ॅड्रिनॅलिन वर जाते, चरबी वितळून मेदाम्ले रक्तात येतात, पाणी कमी प्यायले जाते, चहाची वेळ चुकते, आदल्या रात्री जागरण झालेले असते. भूक, तहान, झोप आणि शरीराचे घड्याळ सांभाळणारा मेंदूतला भाग, हायपोथॅलॅमस, हा अर्धशिशीच्या झटक्याच्या अगदी सुरुवातीला जागा झालेला मेंदूच्या चित्रणांत दिसतो. त्याला नियमितपणाची सवय असते. नेमकी कोणती तार आधी छेडली जाते यावर संशोधन चालू आहे, पण एकट्या ग्लुकोजच्या आकड्यावर सगळा दोष टाकता येत नाही, एवढे नक्की.

यातून एक फसगत होते, ती नीट समजून घ्यावी. झटक्याआधी काही तास, कधी एक-दोन दिवस, पूर्वलक्षणे दिसतात: वारंवार जांभया, मान आखडणे, चिडचिड, सारखी लघवीला, आणि गोड खाण्याची जबर इच्छा. माणूस पेढा किंवा चॉकलेट खातो, तीन तासांनी डोके ठणकू लागते आणि दोष चॉकलेटला जातो. किंवा तो म्हणतो, ‘गोड खावंसं वाटत होतं, म्हणजे शुगर उतरली होती.’ प्रत्यक्षात बऱ्याचदा झटका आधीच सुरू झालेला असतो आणि गोडाची ओढ हे त्याचेच पहिले लक्षण असते. ज्याला ही खूण ओळखता आली त्याला गोळी वेळेवर घेण्यासाठी मोलाचा अवधी मिळतो. जांभया सुरू झाल्या की पाणी प्या, वेळेवर जेवा, जागरण टाळा, आणि गोळी हाताशी ठेवा.

आता पित्त. महाराष्ट्रात अर्धशिशीचे निदान वर्षानुवर्षे न होण्याचे सर्वांत मोठे कारण हा शब्द असावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. डोके दुखते, मळमळते, आंबट-कडू उलटी होते, मग झोप लागते आणि उठल्यावर डोके हलके झालेले असते. उलटीतून पित्त पडले म्हणून बरे वाटले, असा अर्थ लावला जातो आणि पुढची दहा वर्षे रोज सकाळी आम्लपित्ताची गोळी चालू राहते. झटक्याच्या काळात जठराची हालचाल मंदावते, अन्न पुढे सरकत नाही, म्हणून मळमळ आणि उलटी होते. उलटी हा झटक्याचा भाग आहे, मूळ कारण नव्हे. डोकेदुखी एका बाजूची, ठणकणारी, चालल्याने किंवा जिना चढल्याने वाढणारी असेल, सोबत मळमळ असेल किंवा उजेड आणि आवाज दोन्ही सहन होत नसतील, चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत टिकत असेल आणि असे पाच तरी झटके येऊन गेले असतील, तर आधी मायग्रेनचा विचार करावा. आम्लपित्ताच्या गोळीने अर्धशिशी थांबत नाही.

उपवासाच्या ताटाकडे येऊ. साबुदाण्याला सरसकट शिव्या घालण्याची फॅशन आहे, ती आम्हाला मान्य नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट हे खरे. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ८७ ग्रॅम कर्बोदके, प्रथिने एक ग्रॅमसुद्धा नाहीत. पण खिचडी नुसत्या साबुदाण्याची होत नाही. साधारण ६० ग्रॅम साबुदाण्याच्या थाळीत दोन मोठे चमचे, म्हणजे २० ग्रॅम, दाण्याचे कूट पडले तर पाच ग्रॅम प्रथिने आणि जवळपास दहा ग्रॅम चरबी मिळते. त्यामुळे साखर चढण्याचा वेग कमी होतो. सोबत वाटीभर दही घेतले तर आणखी बरे. बटाटा जास्त आणि कूट नावाला, अशी खिचडी केली की मग ते निव्वळ पिष्ट होते.

खरा घोळ घड्याळात आहे. संकष्टीचा दिवस मांडून पाहा. आदल्या रात्री नऊला जेवण. सकाळी सातला चहा. साडेअकराला खिचडी. चारला चहा. चंद्रोदय साडेनऊला, मग नैवेद्य, जेवण दहाला. पहिला खंड साडेचौदा तासांचा, दुसरा साडेदहा तासांचा. वर्गीकरणातली आठ तासांची रेषा एका दिवसात दोनदा ओलांडली गेली. दिवसभरात एकदाच भरपेट खिचडी खाल्ल्याने दोन-तीन तास साखर चढते, इन्सुलिन उसळते, मग पुढचे सात तास काहीच नाही. आणि दहा वाजता उपाशी पोटावर मोदक आधी, वरण-भात नंतर.

तेच अन्न वेगळे वाटून घेता येते. सकाळी आठच्या आत एक कप दूध आणि चार खजूर, किंवा दुधातली राजगिऱ्याची लापशी. साडेअकराला अर्धी थाळी खिचडी, दही. अडीच-तीनला मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे आणि एक केळे किंवा पेरू. सहाच्या सुमारास उकडलेले मध्यम रताळे आणि पेलाभर ताक. रात्री आधी जेवण, मोदक शेवटी, एक किंवा दोन. यात कुठलाही पदार्थ उपवासाला निषिद्ध नाही आणि दोन खाण्यांमधले अंतर चार तासांच्या पुढे जात नाही. ज्यांच्या घरी फराळ एकदाच करायची पद्धत आहे त्यांनी दूध, ताक, शहाळे, लिंबाचे सरबत मधे घ्यावे. बहुतेक घरांत याला हरकत नसते. सरबताचे प्रमाण: २०० मिलिलिटर पाण्यात दोन चहाचे चमचे साखर, चिमूटभर सैंधव, अर्धे लिंबू. दिवसभरात सव्वादोन ते अडीच लिटर पाणी पोटात जावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र डॉक्टरांनी सांगितलेली मर्यादा पाळावी.

संपादकांना एक विनंती. संकष्टीला आपण गावोगावच्या चंद्रोदयाच्या वेळा छापता आणि वाचक त्या आवर्जून पाहतात. त्याच चौकटीखाली ‘दोन खाण्यांत चार तासांहून जास्त अंतर नको, मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेत असाल तर उपवासाआधी डॉक्टरांना विचारा’ अशी एक ओळ छापली तर पाककृतींच्या पानभर मजकुरापेक्षा तिचा उपयोग जास्त होईल.

हरतालिकेसारखा निर्जळी उपवास वेगळाच. महिन्यातून चारपेक्षा जास्त वेळा अर्धशिशी उठते, अशा बाईने तो करू नये असे आम्ही स्पष्ट सांगतो. आजारी आणि गरोदर बायकांना फळे-दूध घेऊन व्रत करण्याची मोकळीक घराघरांत पूर्वीपासून दिली जाते. अर्धशिशी हाही आजारच आहे, तो दिसत नाही एवढेच. जैन कुटुंबांतले पर्युषणाचे उपवास आणि रमझानचे रोजे यांतही हाच प्रश्न येतो. रोज्यांत पहिल्या दोन-तीन दिवसांत डोकेदुखी जास्त असते आणि पुढे कमी होते असे अनेकांना जाणवते. त्याचा मोठा वाटा चहाचा आहे.

चहा हा विषय उपवासवाल्यांनी फारच हलका घेतला आहे. दिवसाला १०० मिलिग्रॅम कॅफीनची, म्हणजे आपल्याकडच्या कडक चहाच्या तीन-चार कपांची, सवय असली तरी तो अचानक थांबवल्यावर १२ ते २४ तासांत डोकेदुखी सुरू होऊ शकते. एक-दोन दिवसांत ती शिगेला पोहोचते आणि आठवडाभर रेंगाळू शकते. ‘उपवासाने डोकं दुखलं’ म्हणणाऱ्या कित्येकांचे डोके चहा चुकल्याने दुखलेले असते. रविवारी दहाला उठणाऱ्यांचेही तेच: चहा तीन तास उशिरा, नाश्ता तीन तास उशिरा, झोप तीन तास जास्त. उपाय सोपा आहे. निर्जळी उपवास किंवा रोजे यायच्या आधी आठ-दहा दिवस दर दोन-तीन दिवसांनी एक कप कमी करत जावे. बाकी दिवसांत चहा दोन कपांवर ठेवावा आणि रोज ठरल्या वेळी घ्यावा. नुसत्या चहावर सकाळ ढकलणे हे मात्र अर्धशिशीला आमंत्रण आहे. लोकल पकडण्यासाठी सातला चहा पिऊन निघणारा आणि दीडला डबा उघडणारा चाकरमानी आठवड्याचे पाच दिवस न ठरवता उपवासच करत असतो. त्याने पिशवीत दोन राजगिऱ्याच्या वड्या किंवा मूठभर चणे-शेंगदाणे ठेवावेत आणि दहाच्या सुमारास खावेत.

वजन किंवा मधुमेह आटोक्यात आणण्यासाठी दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत अलीकडे बरीच पसरली आहे. ती सरसकट वाईट ठरवायचे कारण नाही. पण अर्धशिशी असलेल्याने एका सोमवारपासून एकदम नाश्ता बंद करू नये. नाश्त्याची वेळ तीन-चार दिवसांनी अर्धा तास, असे पुढे सरकवत जावे, जेवणाच्या वेळा सुट्टीच्या दिवशीही बदलू नयेत, आणि महिनाभरात झटके वाढले तर पद्धत सोडून द्यावी. आपल्याला जमली नाही म्हणून कमीपणा वाटून घेऊ नये. काही जणांना कमी कर्बोदकांच्या आहाराने झटके कमी झाल्याचे छोट्या अभ्यासांत दिसले आहे. ते अभ्यास अजून लहान आहेत आणि तसा आहार आहारतज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय करण्यासारखा नाही. रात्री झोपण्यापूर्वी थोडे खाल्ल्याने दुसऱ्या दिवशी डोके दुखण्याची शक्यता कमी झाली, असे ३४ जणांच्या एका अमेरिकी अभ्यासात आढळले होते. ज्यांची अर्धशिशी पहाटे उठते त्यांनी साडेसातचे जेवण आणि अकराची झोप यांच्यामध्ये कपभर दूध किंवा पाच-सहा बदाम घेऊन पाहायला हरकत नाही.

ग्लुकोमीटरने स्वतःच्या साखरेची तपासणी करायची असेल तर ती नीट करावी. नुसता झटक्याच्या वेळी एक आकडा घेऊन काही कळत नाही. झटका सुरू होताच, काही खाण्याआधी, एक मापन घ्यावे. मग डोके न दुखणाऱ्या दिवशी, त्याच वेळी, शेवटच्या खाण्यानंतर तेवढेच तास झालेले असताना दुसरे घ्यावे. अशा चार-पाच जोड्या जमल्या की तुलना करता येते. दोन्हीकडे ८०-९० येत असेल तर साखरेचा पिच्छा सोडावा. यंत्राच्या मर्यादा लक्षात ठेवाव्यात: १०० च्या खालच्या आकड्यात १५ मिलिग्रॅमपर्यंतचा फरक मान्य मानकांत बसतो, म्हणजे ७२ दिसले तर खरी साखर ५७ ही असू शकते आणि ८७ ही. हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. केळे किंवा खजूर हाताळलेल्या बोटावर आकडा खोटा वाढतो. बोटाच्या टोकाला न टोचता कडेला टोचावे, थेंब पिळून काढू नये. पट्ट्यांच्या डबीचे झाकण लगेच लावावे. कोकणातल्या आणि मुंबईच्या पावसाळी हवेत उघड्या राहिलेल्या पट्ट्या बिघडतात.

जोडीला एक वही. शेवटचे खाणे किती वाजता आणि काय, चहा किती, पाणी किती, झोप किती वाजता ते किती वाजता, पाळीचा कितवा दिवस, दुखणे सुरू झाल्याची वेळ, गोळी कोणती आणि किती वाजता. दोन महिन्यांत चित्र स्पष्ट होते, आणि बहुतेकांच्या वहीत एकच एक कारण सापडत नाही. पाळीच्या आधीचे दोन दिवस, त्यात जागरण, त्यात उपवास, असे दोन-तीन धागे एकत्र आले की झटका उठतो. म्हणून एखाद्या एकादशीला काहीच झाले नाही यावरून उपवास निर्दोष ठरत नाही. ‘पाच तासांची ग्लुकोज चाचणी’ करून घेण्याचा आग्रह काही जण धरतात. ७५ ग्रॅम ग्लुकोजचे पाणी प्यायल्यावर कित्येक निरोगी माणसांची साखरही तिसऱ्या-चौथ्या तासाला ६० च्या खाली जाते आणि त्यांना काही होत नाही. साखर कमी झाल्याचे निदान करायला तीन गोष्टी एकत्र लागतात: लक्षणे, त्याच वेळी मोजलेली कमी साखर, आणि साखर वाढताच लक्षणे जाणे.

झटका आलाच तर नुसत्या गुळाने तो थांबत नाही. उपवासाची बोथट डोकेदुखी खाल्ल्याने जाईल, पण एकदा पेटलेली अर्धशिशी स्वतःच्या गतीने जाते. थोडे खाऊन, पाणी पिऊन, डॉक्टरांनी ठरवून दिलेली गोळी पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात घ्यावी. ‘सोसवेल तेवढं सोसतो, मग घेतो’ म्हणेपर्यंत जठर मंदावते आणि गोळी पोटात तशीच पडून राहते. मळमळ लवकर सुरू होत असेल तर उलटीची गोळी आधी किंवा सोबत लागते, तीही हृदयाचा काही त्रास नाही ना हे सांगून लिहून घ्यावी. नॅप्रोक्सेन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या निर्जळी उपवासात उपाशीपोटी घेऊ नयेत. जठराला इजा होते, आणि शरीरात पाणी कमी असताना मूत्रपिंडांवरही ताण येतो. पॅरासिटॅमॉल त्या मानाने सौम्य आहे, पण दिवसाची मर्यादा आपले वजन आणि यकृत पाहून डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. ज्यात कॅफीन मिसळलेले असते अशा संयुक्त गोळ्या आणि ट्रिप्टान (अर्धशिशीच्या झटक्यावरच्या खास गोळ्या) महिन्यात दहा किंवा जास्त दिवस, साध्या वेदनाशामक गोळ्या पंधरा किंवा जास्त दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त चालले तर गोळ्यांमुळेच रोज डोके दुखू लागते. मेडिकलच्या दुकानातून पाच-पाच रुपयांना सुटी गोळी घेणाऱ्याला हा हिशेब कधीच लागत नाही.

मधुमेह असेल तर सगळे गणित बदलते. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याचे उपवासात डोके दुखले, तर अर्धशिशीचा विचार नंतर, आधी साखर मोजा. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे ग्लुकोज पावडरीचे तीन सपाट चहाचे चमचे, पाण्यात घ्या. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढेच. पेढा किंवा चॉकलेट नको. त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते. गोळीच्या पाकिटावर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज लिहिले असेल तर घरची साखर आणि गूळ चटकन लागू पडत नाहीत, कारण त्या औषधाने त्यांचे पचनच लांबते. तिथे ग्लुकोजच हवे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये, दवाखाना गाठावा. सकाळी डोके जड, रात्री कपडे घामाने भिजलेले, वाईट स्वप्ने पडलेली, असे होत असेल तर पहाटे तीनची साखर दोन-तीन वेळा मोजून डॉक्टरांना दाखवावी.

इथे एक जोडी धोक्याची आहे आणि ती सर्रास दिसते. अर्धशिशीचे झटके कमी करण्यासाठी प्रोप्रॅनॉलॉल दिले जाते. औषध चांगले आहे, पण साखर उतरल्यावर होणारी धडधड आणि थरथर ते झाकून टाकते. घाम तेवढा येतो. मज्जाविकारतज्ज्ञ एकीकडे, मधुमेहाचे डॉक्टर दुसरीकडे, आणि दोघांना एकमेकांच्या चिठ्ठ्या माहीत नाहीत, असे होऊ देऊ नये. दोन्ही चिठ्ठ्या सोबत न्याव्यात. फ्लुनॅरिझिन, अमिट्रिप्टिलिन आणि व्हॅल्प्रोएट या झटके कमी करण्याच्या इतर औषधांनी भूक आणि वजन वाढते; वजन आणि साखर आधीच काठावर असेल तर हे विचारून घ्यावे. लांबलेला झटका मोडायला कधी स्टेरॉइडचा छोटा कोर्स देतात, त्या दिवसांत मधुमेहींची साखर चढते.

मधुमेहींमध्ये अर्धशिशी एकंदरीत कमी आढळते, हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल. फ्रान्समध्ये ७४ हजारांहून अधिक महिलांचा दीर्घकाळ मागोवा घेण्यात आला. ज्यांना पुढे टाइप २ मधुमेह झाला, त्यांच्यात निदानाच्या आधीच्या २४ वर्षांत मायग्रेनचे प्रमाण २२ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर आले होते. कारण पक्के झालेले नाही. वाढलेली साखर किंवा वाढलेले इन्सुलिन झटक्याला आवरते, असा एक तर्क आहे. यावरून साखर वाढवून अर्धशिशी बरी करावी असा अर्थ कुणी काढू नये. मात्र पन्नाशीच्या आसपास, वजन वाढत असताना, जुनी अर्धशिशी आपोआप निवली तर उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेची चाचणी) तपासून घेणे शहाणपणाचे. उपाशीपोटी १२६ किंवा एचबीए१सी ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त आले तर पुन्हा तपासून निदान पक्के करावे. आणि पन्नाशीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच डोके दुखू लागले, क्षणार्धात प्रचंड वेदना उसळली, बोलणे अडखळले, हातपाय लुळा पडला किंवा तापासोबत मान ताठरली, तर उपवास, पित्त, साखर यांची चर्चा न करता थेट रुग्णालयात जावे.

शेवटी मुलांबद्दल. सातच्या शाळेची मुले अर्धा कप दूध पिऊन निघतात, डबा साडेनऊ-दहाला खातात, कधी अर्धा तसाच परत आणतात. लहान मुलांची अर्धशिशी कपाळाच्या दोन्ही बाजूंना असू शकते, दोन तासांतही संपते आणि पोटदुखी-उलटीवर निभावते, म्हणून ‘शाळा बुडवायचे नाटक’ ठरते. अशा मुलाच्या वर्गशिक्षकांना पालकांनी डॉक्टरांची चिठ्ठी द्यावी. तासाच्या मधे पाणी पिऊ देणे, साडेआठला दोन बिस्किटे नव्हे तर चार घास पोळी-भाजी किंवा मूठभर शेंगदाणे खाऊ देणे, आणि डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे आल्याचे सांगितले की दहा मिनिटे अंधाऱ्या, शांत खोलीत पडू देणे, एवढे कुठल्याही शाळेला जमण्यासारखे आहे.

आपले,
एक मज्जाविकारतज्ज्ञ आणि एक आहारतज्ज्ञ, पुणे
(नावे व पत्ते संपादकांकडे)